रोटरी इंजिनाचा एंड प्ले: आठ मिलिमीटरच्या एका कडीचा हिशोब

माझदाच्या १३बी रोटरी इंजिनाचा मधला शाफ्ट हाताने पुढे-मागे ढकलला, तर तो किंचित सरकतो. जेवढा सरकतो तेवढा त्याचा एंड प्ले. कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे तो ०.०४ ते ०.०७ मि.मी. हवा, आणि ०.०९ च्या वर गेला तर इंजिन तसंच जोडून टाकायचं नाही. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मि.मी. जाड असतो, म्हणजे शेवटची मर्यादासुद्धा एका कागदापेक्षा कमी आहे. इंचात हेच माप साधारण दीड ते पावणेतीन थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, होतं.

हे मोजायला डायल गेज, म्हणजे काट्याचं बारीक मोजमापाचं घड्याळ, लागतो आणि अर्धा तास लागतो. तरीही इंजिन बांधताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कारण सोपं आहे: डायलवर आकडा दिसतो, पण तो आकडा कुठल्या भागांमुळे तयार झाला हे माहीत नसतं. मग जाड स्पेसर (अंतर ठरवणारी कडी) घालायचा की पातळ, इथपासून अंदाजपंचे काम सुरू होतं. म्हणून आधी रचना समजून घेऊ, डायल नंतर.

पुढचं सगळं वर्णन आरएक्स-७ गाडीतल्या १३बी इंजिनाचं आहे, म्हणजे १९८५ साली आलेली एफसी आणि १९९१ साली आलेली एफडी. जुन्या १२ए इंजिनाचे रोटर ७० मि.मी. रुंद आणि १३बीचे ८० मि.मी., पण शाफ्टच्या पुढच्या टोकाची मांडणी दोन्हींत एकाच तत्त्वाची आहे. आरएक्स-८ चं रेनेसिस इंजिन असेल तर मापं त्याच्या स्वतःच्या मॅन्युअलमधली घ्या. आपल्याकडे माझदा म्हटलं की अजूनही स्वराज माझदाची मिनीबस डोळ्यांसमोर येते, आणि तिच्यात सरळ साधं डिझेल इंजिन होतं. हे प्रकरण अगदीच वेगळं.

शाफ्ट का सरकतो आणि त्याला अडवतं कोण

रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तीन कोनांचे रोटर फिरतात. ते एक्सेंट्रिक शाफ्टच्या गोल लोबवर बसलेले असतात. रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात. हा शाफ्ट पुढच्या आणि मागच्या स्टेशनरी, म्हणजे न फिरणाऱ्या, गिअरमध्ये बसवलेल्या साध्या बुश बेअरिंगांवर फिरतो. ही बेअरिंगं शाफ्टला वर-खाली धरून ठेवतात. पुढे-मागे धरण्याची ताकद त्यांच्यात नाही, तेवढ्यासाठी त्यांना काठच नसतो.

आणि पुढे-मागे ढकलणारे जोर तर असतातच. क्लच दाबला की तो शाफ्टला ढकलतो किंवा ओढतो. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचा दाब येतो. ज्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर किंवा क्रँक अँगल सेन्सर तिरक्या दात्यांच्या गिअरवर चालतो, तिथे तो गिअरसुद्धा थोडा रेटा देतो. हे सगळं पेलायचं काम शाफ्टच्या पुढच्या टोकाला असलेल्या दोन पातळ नीडल बेअरिंगांवर, म्हणजे जाळीत सुयांसारखे बारीक रोलर असलेल्या बेअरिंगांवर, सोपवलेलं आहे. बाकी सगळ्या इंजिनात दुसरं काहीही शाफ्टला लांबीच्या दिशेने अडवत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकू. एंड प्ले म्हणजे रोटरचा प्ले नव्हे. रोटर आपल्या दोन्ही बाजूंच्या बिडाच्या साइड हाउसिंगांमध्ये स्वतंत्रपणे तरंगतो. शाफ्टचा लोब रोटरच्या बेअरिंगमध्ये लांबीच्या दिशेने सरकू शकतो, त्यामुळे शाफ्ट सरकला म्हणून रोटर त्याच्याबरोबर जाईलच असं नाही. रोटरची बाजूची मोकळीक वेगळी मोजायची असते आणि ती रोटर व रोटर हाउसिंगच्या रुंदीतून ठरते. एंड प्ले जास्त आला म्हणून रोटर किंवा हाउसिंग बदलायला निघालात, तर खिसा रिकामा होईल आणि डायलवरचा आकडा तसाच राहील.

पुढच्या टोकाला काय काय आहे

शाफ्टवर पुढच्या बाजूला एक खांदा आहे, म्हणजे जाडी एकदम कमी होते ती पायरी. त्या खांद्यापासून पुढच्या टोकाकडे भाग या क्रमाने बसतात: मागची थ्रस्ट प्लेट, मागचं नीडल बेअरिंग, बेअरिंग हाउसिंग, पुढचं नीडल बेअरिंग, पुढची थ्रस्ट प्लेट, काउंटरवेट, ऑइल पंपाच्या चेनचं चक्र, असेल तर डिस्ट्रिब्युटर किंवा सेन्सरचा गिअर, पुलीचा हब आणि शेवटी मधोमध एक मोठा बोल्ट.

यातलं बेअरिंग हाउसिंग फिरत नाही. ते बोल्टांनी पुढच्या बिडाच्या साइड हाउसिंगला पक्कं केलेलं असतं. त्याच्या दोन्ही तोंडांवर एकेक नीडल बेअरिंग टेकतं आणि त्या बेअरिंगांच्या बाहेरून एकेक थ्रस्ट प्लेट. थ्रस्ट प्लेटा शाफ्टबरोबर फिरतात.

आता उरली ती कडी, म्हणजे स्पेसर. सुमारे आठ मि.मी. जाडीची ही पोलादी रिंग शाफ्टवर, दोन थ्रस्ट प्लेटांच्या बरोबर मधे बसते. मागचं नीडल बेअरिंग, बेअरिंग हाउसिंगचं भोक आणि पुढचं नीडल बेअरिंग या तिघांच्या पोटातून ती आरपार जाते. पुढचा मोठा बोल्ट आवळला की हब, गिअर, चक्र, काउंटरवेट, पुढची थ्रस्ट प्लेट, स्पेसर, मागची थ्रस्ट प्लेट आणि खांदा, हे सगळं एकमेकांवर घट्ट दाबलं जाऊन एकच ठोकळा बनतो. दोन थ्रस्ट प्लेटांमधलं अंतर मग कायमचं ठरतं: जेवढी स्पेसरची जाडी तेवढं.

त्या अंतरात तीन वस्तू अडकलेल्या आहेत: दोन नीडल बेअरिंगं आणि मधलं हाउसिंग. म्हणून एंड प्ले म्हणजे स्पेसरच्या जाडीतून या तिघांच्या जाडीची बेरीज वजा केली की जे उरतं ते. बास, एवढंच गणित आहे.

या वजाबाकीत कोण नाही ते पाहण्यासारखं आहे. शाफ्टची लांबी नाही. रोटर नाहीत. साइड हाउसिंग किंवा रोटर हाउसिंगची रुंदी नाही. मागचा स्टेशनरी गिअर नाही. थ्रस्ट प्लेटची एकूण जाडीसुद्धा नाही, फक्त तिच्यावर बेअरिंगने चाकोरी पाडली असेल तर त्या चाकोरीची खोली मिळवावी लागते. दुसऱ्या इंजिनातला शाफ्ट आणून घातला तरी पुढचे हे भाग तेच ठेवले असतील, तर प्ले फारसा हलत नाही. उलट सगळं इंजिन जसंच्या तसं ठेवून फक्त दोन नवी नीडल बेअरिंगं घातली, तर आकडा बदलू शकतो. नवे भाग झिजलेल्या भागांपेक्षा जाड असतात, त्यामुळे प्ले कमी होतो. जुन्या स्पेसरवर खोलताना ०.०६ आला होता म्हणून नव्या बेअरिंगांवरही तोच येईल, असं धरून चालता येत नाही.

आणखी एक गोष्ट याच वजाबाकीतून निघते, आणि ती भल्याभल्यांना फसवते. गिअरबॉक्सच्या किंवा पंपाच्या कामाची सवय असलेल्या फिटरच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की जाड शिम (फट भरायची पातळ चकती) घातली की प्ले कमी होतो. इथे नेमकं उलटं. स्पेसर दोन प्लेटांना एकमेकींपासून लांब ठेवतो. स्पेसर जाड तर प्ले जास्त, स्पेसर पातळ तर प्ले कमी.

खोलताना बघायच्या गोष्टी

इंजिन खोलण्याआधी जुना प्ले मोजून वहीत लिहून ठेवा. तो आकडा पुढे वापरायचा नाही, पण काय झिजलं याचा अंदाज त्यावरून येतो.

थ्रस्ट प्लेटा धुऊन उजेडात तिरक्या धरा. बेअरिंगच्या धावपट्टीची चमक दिसणं ठीक. नख फिरवताना अडकलं तर प्लेट बदला. निळसर किंवा तपकिरी रंग चढला असेल तर ती तापलेली आहे, म्हणजे तिथे तेलाचा थर टिकला नाही. त्याचं कारण बहुधा प्ले कमी असणं हेच असतं. पुढच्या मेन बेअरिंगमधून निसटलेलं तेल या बेअरिंगांना मिळतं, आणि प्ले ०.०४ च्या खाली गेला तर त्या तेलाला शिरायला जागाच राहत नाही. नीडल तापतात, प्लेट खरवडतात, आणि मग हीच जोडी झिजून प्ले जास्त होतो. त्यामुळे खोललेल्या इंजिनात प्ले जास्त दिसला, तरी त्याची सुरुवात कमी प्लेने झालेली असू शकते. रंग पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

कुठल्या बेअरिंगवर जास्त झीज आहे तेही बघा. एफसीचा क्लच ढकलणाऱ्या जातीचा आहे. पेडल दाबलं की शाफ्ट पुढे जातो आणि भार मागच्या बेअरिंगवर येतो. एफडीचा क्लच ओढणाऱ्या जातीचा, त्यामुळे पेडल दाबलं की शाफ्ट मागे खेचला जातो आणि भार पुढच्या बेअरिंगवर पडतो. सिग्नलला क्लच दाबून थांबायची सवय असलेल्या मालकाची गाडी त्या-त्या बाजूच्या प्लेटवरून ओळखू येते.

नीडल बेअरिंगात एकही सुई जाळीत खुळखुळत असेल, सुईवर खड्डा असेल किंवा जाळी वाकली असेल, तर ते परत घालू नका. पूर्ण इंजिन बांधायच्या खर्चापुढे या बेअरिंगांची किंमत किरकोळ आहे. बेअरिंग हाउसिंगची दोन्ही तोंडंही तपासा. तिथे चाकोरी असेल तर नुसत्या नव्या बेअरिंगांनी काम भागत नाही.

आता मायक्रोमीटर घ्या, ० ते २५ मि.मी.चा, ०.०१ किंवा त्याहून बारीक वाचणारा. स्पेसर चार ठिकाणी मोजा. चारही मापं ०.००५ च्या आत जुळली पाहिजेत, नाहीतर कडीची दोन तोंडं समांतर नाहीत. मग हाउसिंगची जाडी बेअरिंगच्या धावपट्टीवर मोजा, आणि दोन्ही बेअरिंगांची जाडी सुयांवर मोजा, जाळीवर नाही. वजाबाकी करा. टेबलावर आलेला हा आकडा आणि नंतर डायलवर येणारा आकडा यांत एक-दोन शतांशांचा, म्हणजे ०.०१-०.०२ मि.मी.चा, फरक चालतो. त्याहून जास्त फरक पडला तर जोडणीत काहीतरी चुकलंय, आणि हे तुम्हाला आयतं कळतं. हे टेबलावरचं मोजमाप बरेच जण टाळतात. माझ्या मते सगळ्या कामात सर्वांत उपयोगी तेच.

चढवताना

इंजिनाचे सगळे लांब टेन्शन बोल्ट आवळून झालेले हवेत. मग इंजिन उभं करा, पुढचं तोंड आकाशाकडे. आडव्या इंजिनात हे काम करणं म्हणजे आपण होऊन संकट ओढवून घेणं. नीडल बेअरिंगला स्वतःचा आधार नाही, ते फक्त स्पेसरच्या बाहेरच्या गोलाईवर बसतं. आडव्या इंजिनात शाफ्ट जरा मागे सरकला की फट वाढते, बेअरिंग स्पेसरवरून निसटतं आणि खाली लोंबतं. वरून बघणाऱ्याला ते दिसत नाही. मग बोल्ट आवळला की बेअरिंग स्पेसर आणि प्लेटच्या मधे चिरडतं. रोटरी बांधणाऱ्यांमध्ये सगळ्यात कुप्रसिद्ध चूक हीच.

इंजिन उभं असलं तरी एक काळजी राहतेच. वजनामुळे शाफ्ट खाली, म्हणजे मागच्या बाजूला बसतो, त्यामुळे स्पेसरही खाली जातो आणि पुढच्या बेअरिंगला आधार उरत नाही. म्हणून फ्लायव्हीलखाली लाकडाची पाचर सारून शाफ्ट वर उचलून ठेवा. स्पेसर वरच्या बेअरिंगच्या पोटात डोकावताना दिसला पाहिजे.

मागची थ्रस्ट प्लेट आधी. तिच्या आतल्या काठाला एका बाजूने उतार दिलेला असतो. ती बाजू खांद्याकडे, म्हणजे फ्लायव्हीलकडे. खांद्याच्या कोपऱ्यात थोडी गोलाई असते आणि उतार त्या गोलाईला जागा देतो. प्लेट उलटी बसली तर ती सपाट टेकत नाही, जरा तिरकी राहते. मग स्पेसर आणि मागचं बेअरिंग. बेअरिंगला व्हॅसलिन लावून प्लेटला चिकटवा. जाड ग्रीस वापरू नका, ते थंडपणी थर धरतं आणि माप खोटं दाखवतं. व्हॅसलिन गरम तेलात विरघळून जातं. आता बेअरिंग हाउसिंग लावून त्याचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, मग पुढचं बेअरिंग, पुढची प्लेट, चावी (शाफ्टच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा), काउंटरवेट, चेनचं चक्र, गिअर, हब.

काउंटरवेट ठेवण्याआधी टॉर्चने बघा आणि पुढची प्लेट बोटाने फिरवून बघा. ती गुळगुळीत फिरली पाहिजे, डुगडुगता कामा नये.

मोजण्यासाठी पुढचं कव्हर लावायची गरज नाही. कव्हराशिवाय हे सगळे भाग बसवून हब आवळता येतो. चेनसुद्धा चढवायला नको, फक्त चक्र जागेवर हवं, कारण तेही त्या ठोकळ्याचा भाग आहे. स्पेसर बदलावा लागलाच, तर कव्हरचं गॅस्केट आणि सीलंट वाया जात नाही. कव्हराच्या मागे तेलाच्या वाटेवर एक छोटी ओ-रिंग असते. ती फाटली तर गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर पडतं. कव्हर जितक्या कमी वेळा काढ-घाल कराल तितकं बरं.

पुढचा मोठा बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळा. हा आकडा गाडीच्या वर्षाप्रमाणे बदलत गेला आहे, त्यामुळे त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या. नुसता हाताने घट्ट केलेला बोल्ट ठेवून प्ले मोजला, तर भागांमधल्या बारीक फटीही प्लेमध्ये धरल्या जातात आणि आकडा फुगतो. शाफ्टच्या पुढच्या टोकात, याच बोल्टच्या मागे, बहुतेक १३बी इंजिनांत स्प्रिंग आणि थर्मल व्हॉल्व्ह असतो. शेवटच्या जोडणीत तो आणि बोल्टची ओ-रिंग विसरू नका.

फ्लायव्हील शाफ्टच्या मागच्या निमुळत्या टोकावर चावीने बसतं आणि त्यावर ५४ मि.मी.ची मोठी नट येते. तिचा टॉर्क ३९२ ते ४९० न्यूटन मीटर आहे, म्हणजे लांब पाइप आणि फ्लायव्हील अडवायचा लॉक दोन्ही लागणार. मोजताना फ्लायव्हील निमुळत्या टोकावर पक्कं बसलेलं हवं, डुगडुगणारं नको. सीलंट मात्र शेवटच्या वेळी लावा.

डायल लावणे

पुढचा बोल्ट आवळून झाल्यावर इंजिन आडवं केलं तरी चालतं, कारण आता बेअरिंग निसटायला फटच उरलेली नाही. आडव्या इंजिनात ढकलणं-ओढणं सोपं जातं आणि शाफ्टचं वजन मोजमापात येत नाही.

मॅग्नेटिक बेस कुठे चिकटवणार? रोटर हाउसिंग अॅल्युमिनियमचं आहे, पुढचं कव्हरही. तिथे चुंबक धरत नाही. साइड हाउसिंग बिडाचं आहे, तेव्हा मागच्या साइड हाउसिंगवर बेस लावा. रंग आणि तेल पुसून घ्या. डायल ०.०१ मि.मी. वाचणारा हवा. पुण्याच्या बेकरचा असो किंवा जपानी मितुतोयोचा, काम तेच करतो. फक्त तो धडधाकट असावा, काटा मधेच अडकणारा नको. दांड्या जेवढ्या आखूड ठेवाल तेवढ्या कमी लवतात.

डायलची सुई फ्लायव्हीलच्या सपाट तोंडावर, केंद्राच्या जमेल तितकी जवळ आणि शाफ्टच्या रेषेत टेकवा. फ्लायव्हीलच्या कडेला टेकवली तर शाफ्टचं थोडंसं वर-खाली झुकणंही प्ले म्हणून मोजलं जातं. काट्याला अर्धा ते एक मि.मी. दाब द्या.

फ्लायव्हील दोन्ही हातांनी पुढे ढकला, दोन-तीन सेकंद धरा, डायल शून्यावर आणा. मग मागे ओढा, पुन्हा धरा, वाचा. धरून ठेवणं महत्त्वाचं, कारण बेअरिंगमधलं तेल बाजूला व्हायला थोडा वेळ घेतं आणि झटपट वाचलं तर प्ले एक-दोन शतांश कमी दिसतो. पहारीने जोर लावायची गरज नाही. पहार लावली की प्ले संपल्यावर बेसची दांडी लवते आणि तेही मोजलं जातं. ढकलणं आणि ओढणं यांच्या दरम्यान फ्लायव्हील गोल फिरवू नका, नाहीतर त्याचं तोंड किती वाकडं फिरतं हे मोजून बसाल.

एकदा वाचून झालं की शाफ्ट एक तृतीयांश फेरा फिरवा, पुन्हा शून्य, पुन्हा वाचन. असं तीन जागी करा. तिन्ही आकडे ०.०१ च्या आत असले तर खुशाल विश्वास ठेवा. एका जागी ०.०४ आणि दुसऱ्या जागी ०.०७ आला, तर सरासरी काढून गप्प बसू नका. एखादी थ्रस्ट प्लेट सपाट टेकलेली नाही, किंवा काउंटरवेटखाली कचरा, धातूचा बर किंवा वर आलेली चावी आहे. खोला आणि पुसा.

आकडा पसंत पडला नाही तर

स्पेसरवर एक इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं. एक्स सगळ्यात जाड, ८.०८ मि.मी. त्यानंतर वाय ८.०४, व्ही ८.०२ आणि झेड ८.००, आणि प्रत्येक माप एखादा शतांश कमी-जास्त धरलेलं असतं. समजा एक्स घातलेला आहे आणि डायल ०.१० दाखवतो. वाय घातला तर ०.०४ कमी होईल आणि प्ले ०.०६ येईल. समजा झेड घातलेला आहे आणि ०.०३ येतो, तर व्ही घालून ०.०५ मिळेल. अक्षरावर पूर्ण भिस्त ठेवू नका. जुना स्पेसर झिजलेला असू शकतो, आणि आधी कोणीतरी तो घासलेलाही असू शकतो. दोन्ही स्पेसर मायक्रोमीटरने मोजा आणि त्यांच्यातला खरा फरक धरा.

हवा तो स्पेसर मिळत नसेल तर जाड स्पेसर घासून पातळ करता येतो. सरफेस प्लेटवर किंवा जाड काचेवर बारीक वॉटर पेपर ठेवून, तेल टाकून, आठच्या आकड्यात घासायचं. दर थोड्या वेळाने स्पेसर नव्वद अंशांत फिरवा आणि चार ठिकाणी मोजा. एक बाजू खाली गेली की कडी फुकट. ग्राइंडरवर हे करू नका, दोन शतांश काढायला गेलात तर दहा जातील. शेवटी काठांवरचा बर काढा आणि रॉकेलमध्ये धुवा. पातळ स्पेसरला जाड करायचा मार्ग नाही. त्याच्याखाली शिम घालण्याची कल्पना कोणी दिली तर नकार द्या. बोल्टच्या जोराखाली ती शिम दबते, सरकते आणि एके दिवशी नीडल बेअरिंगात शिरते.

०.०४ ते ०.०७ या हद्दीत कुठे थांबायचं, हा प्रश्न नेहमी येतो. आपण ०.०५ च्या आसपास थांबणं पसंत करतो. नव्या बेअरिंगांना सुरुवातीला जरा जागा मिळते आणि झिजून ०.०९ पर्यंत जायला अंतरही राहतं.

आकडा हद्दीपासून भलताच लांब असेल, म्हणजे ०.०० किंवा ०.३०, तर स्पेसरला हात लावू नका. चारही स्पेसर मिळून फरक ०.०८ पडतो. त्याहून मोठी चूक स्पेसरने दुरुस्त होणार नाही, कारण ती स्पेसरची चूकच नाही. बेअरिंग चिरडलं असेल तर प्लेटा लांब राहतात आणि प्ले अवाच्या सवा वाढतो, किंवा प्लेट तिरकी बसून शाफ्ट एका जागी जड फिरतो. स्पेसर विसरला असेल तर बोल्ट आवळता आवळताच शाफ्ट जाम होतो. बोल्ट आवळताना टॉर्क हळूहळू न चढता मधेच मऊ लागला, तर तिथेच थांबा, कारण काहीतरी दबतंय. अशा वेळी सगळं खोलून बेअरिंगं बदला. चिरडलेल्या बेअरिंगचं रूप चांगलं दिसलं तरी ते परत घालू नये.

गाडीतच पुढचा बोल्ट काढायचा असेल तर

पुढचं ऑइल सील किंवा बोल्टची ओ-रिंग गळू लागली की लोक इंजिन गाडीतच ठेवून मधला बोल्ट काढतात. इथे बेअरिंग निसटायचा धोका पुरेपूर असतो, कारण इंजिन आडवं असतं. एफसीसाठी जुना उपाय असा: क्लच पेडल दाबून सीटच्या आधाराने काठी अडकवून ठेवायची, म्हणजे शाफ्ट पुढे रेटलेला राहतो आणि मागच्या बेअरिंगपाशी फट पडत नाही. हा उपाय ऐकून कोणी तो एफडीवर केला तर नेमकं उलटं होतं. तिचा क्लच शाफ्टला मागे ओढतो आणि बेअरिंगला खाली पडायला मोकळी वाट मिळते. एफडीत पेडलला पायसुद्धा लावायचा नाही. फ्लायव्हील मागून पुढे रेटून धरायचं. ऑटोमॅटिक गाडीतही क्लच नसल्यामुळे हाच मार्ग.

नुसती बाहेरची पुली बदलायची असेल तर हा बोल्ट काढावाच लागत नाही. पुली हबवर छोट्या बोल्टांनी बसवलेली असते. ते काढा आणि मधल्याला तसाच राहू द्या.

काम झाल्यावर, बोल्ट पुन्हा आवळल्यावर, गाडीतच प्ले एकदा तपासून घ्या. डायल पुढच्या पुलीवर लावा. एफसीत एकाने पेडल दाबायचं, शाफ्ट पुढे येईल, तिथे शून्य. पेडल सोडल्यावर शाफ्ट आपोआप मागे जात नाही, तेव्हा पुली हाताने मागे ढकलून वाचा. एफडीत दिशा उलट. पेडल दाबताना पुली नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसत असेल, तर गाडी सुरू करू नका.